नाव छायाचित्रापाशीच असावे

स्मरणिकेचे काम सुरू झाले तेव्हा संपादक मंडळाने छायाचित्रांची जबाबदारी आमच्याकडे सोपवली. "सर, फोटो तर सगळे संगणकात आहेतच. त्यांतले शे-दीडशे निवडून द्यायचे," एवढेच त्यांचे म्हणणे होते. काम आठवडाभराचे आहे, असे आम्हांलाही वाटले. प्रत्यक्षात त्याला सहा महिने लागले. मुलांना इतिहास शिकवण्यात आमची अठ्ठावीस वर्षे गेली. पण आपल्याच विद्यालयाच्या इतिहासाविषयी या सहा महिन्यांत जे कळले, ते काही अंशी आनंदाचे आणि काही अंशी मान खाली घालायला लावणारे होते. दोन्ही येथे नोंदवून ठेवीत आहोत.

आपल्या विद्यालयाच्या संग्रहात आज सुमारे 40,000 छायाचित्रे आहेत. अगदी सुरुवातीची कृष्णधवल आहेत. तालुक्याच्या स्टुडिओतला छायाचित्रकार वर्षातून एकदा, बहुधा स्नेहसंमेलनाला, सायकलवर कॅमेऱ्याची पेटी बांधून येई. ती त्याने काढलेली. त्यानंतरची रंगीत, अल्बमच्या चिकट पानांना कायमची चिकटून बसलेली. पुढे डिजिटल कॅमेरा आला आणि छत्तीस छायाचित्रांच्या रोळाची शिस्त संपली. मग मोबाइल आला आणि संग्रहाला धरबंधच उरला नाही. एका स्वातंत्र्यदिनाची 600 छायाचित्रे आम्हांला सापडली. त्यांतील निम्म्यांत ध्वज अर्धाच दिसतो.

हा पसारा अनेक वर्षे आटोक्यात राहिला, त्याचे श्रेय आपल्या तत्कालीन लिपिकांना आहे. शाळा सुटल्यापासून सायंकाळच्या वंदनेची घंटा होईपर्यंत ते कार्यालयातल्या संगणकापुढे बसत. जुनी छायाचित्रे एकेक करून स्कॅन करीत आणि छायाचित्र-व्यवस्थापनाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाखाली प्रसंग, वर्ष आणि माणसांची नावे लिहीत. कुणी सांगितले म्हणून नव्हे, आपणहून. ते गेले त्याला आता काही वर्षे झाली. त्यांच्यामागे संगणक तसाच राहिला; कुणी फारसा उघडला नाही. आम्ही उघडला तेव्हा तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागली. ज्या सॉफ्टवेअरवर हा सारा डोलारा उभा होता, त्याची निर्मिती आणि सुधारणा केव्हाच थांबलेली होती. नव्या संगणकावर ते चालेना.

"मग छायाचित्रे नव्या संगणकावर उतरवून घ्या, झाले," असे आम्ही संगणक शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना म्हणालो. त्यांनी ती उतरवून दाखवली. छायाचित्रे सगळी आली. नावे मात्र एकही आले नाही.

ते कसे, हे समजून घ्यायला आम्हांला ग्रंथालयाचे उदाहरण उपयोगी पडले. ग्रंथालयात पुस्तके मांडणीवर असतात आणि त्यांची माहिती तालिका-पत्रांच्या कपाटात. कपाट हरवले तरी पुस्तकाच्या पहिल्या पानावर ग्रंथनाम आणि लेखकाचे नाव असतेच. या सॉफ्टवेअरने छायाचित्रे एका जागी ठेवली होती आणि त्यांच्याविषयीची सगळी माहिती आपल्या स्वतंत्र विदासंचात, आपल्याच लिपीत, आपल्याच कुलपात. छायाचित्राच्या स्वतःच्या अंगावर काहीही लिहिलेले नव्हते. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तोच निघून गेला, अशी ही गत.

त्या रात्री आमच्या मनात एक साधी तुलना आली. बाबासाहेबांच्या 'मूकनायका'चा पहिला अंक 31 जानेवारी 1920 रोजी निघाला. शंभर वर्षांनंतरही त्याचा कागद समोर आला, तर ज्याला मराठी वाचता येते त्याला तो वाचता येतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कसले यंत्र लागत नाही. आणि आम्ही, संगणकाच्या युगातली सुशिक्षित माणसे, अवघ्या काही वर्षांपूर्वीचा आपलाच अल्बम वाचू शकत नव्हतो. ज्या समाजाच्या पूर्वजांच्या आयुष्याची लेखी नोंद मुळातच विरळ आहे, त्याने तरी आपल्या नोंदी असल्या कुलपात ठेवू नयेत.

तेव्हा ठरले की नवे सॉफ्टवेअर शोधायचे ते अधिक सोयींचे नव्हे, अधिक साधे. आमच्या अटी चार होत्या. छायाचित्रे नेहमीच्या फोल्डरांतच राहावीत, सॉफ्टवेअरने ती स्वतःच्या पोटात घेऊ नयेत. नाव, प्रसंग, दिनांक ही माहिती छायाचित्राच्या फाइलमध्येच लिहिली जावी. उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरने ती माहिती वाचावी. आणि नववीतल्या मुलीला अर्ध्या तासात ते वापरता यावे. सहकाऱ्यांनी तीन-चार सॉफ्टवेअरे तपासून 'एक्सएनव्ह्यू एमपी' निवडले. पिअर गूजले या फ्रेंच प्रोग्रामरचे हे सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य आहे आणि ते फोल्डर जसे आहेत तसेच दाखवते. त्यात झगमगाट नाही. आम्हांला तेच हवे होते.

स्थलांतराला हात घालण्यापूर्वी सहकाऱ्यांनी एक नियम आमच्याकडून वदवून घेतला. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला आहे: कोणत्याही मोलाच्या संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. शाळेच्या छपरातून पावसाळ्यात कुठे पाणी गळते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिसऱ्या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एक प्रत आता संस्थेच्या सचिवांच्या घरी, पोलादी कपाटात आहे.

त्यानंतर जुना संगणक पुन्हा सुरू केला आणि त्या सॉफ्टवेअरलाच आज्ञा दिली की तुझ्याकडची माहिती ज्याच्या-त्याच्या फाइलमध्ये लिही. तशी सोय त्यात होती. ती कधी वापरलीच गेली नव्हती. आधी 200 छायाचित्रांवर प्रयोग केला. नावे उतरली, आणि नव्या अडचणीही उतरल्या.

पहिली अडचण लिपीची. सुरुवातीच्या वर्षांतली नावे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली होती. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. फॉन्ट असेल तर मराठी दिसे. नसेल तर रोमन अक्षरांची निरर्थक ओळ. आमच्यापुढे अशा हजारो निरर्थक ओळी उभ्या राहिल्या. युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण ती आपल्या कार्यालयातल्या टंकलेखनापर्यंत यायला पुष्कळ काळ गेला. परिवर्तक वापरून बहुतेक ओळी युनिकोडमध्ये आणल्या. जोडाक्षरे मात्र ठिकठिकाणी मोडली. ती एकेक करून हाताने दुरुस्त केली.

दुसरी अडचण आम्हांला अजून विसरता येत नाही. छायाचित्राच्या फाइलमध्ये माहिती लिहिण्याची एक जुनी पद्धत आहे. ती वृत्तसंस्थांसाठी 1990 च्या दशकाच्या आरंभी ठरली. तिच्यात एका सूचक शब्दासाठी 64 बाइटांची जागा आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार हे सारे वेगवेगळे, युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन-तीन बाइट घेते. 'बाबासाहेब' एवढेच नाव 27 बाइटांचे होते. त्यामुळे आमच्या लांब नोंदी मध्येच तुटू लागल्या. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती' ही नोंद 73 बाइटांची. ती 64 वर तुटली आणि पडद्यावर उरले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जय'. आम्ही दोघेही हसलो. मग पुढच्या ओळींत विद्यार्थ्यांची नावे दिसली. नाव, वडिलांचे नाव असे लिहिलेल्या नोंदींत आडनावे अर्धवट तुटली होती, आणि हसू थांबले. ज्यांनी ती पद्धत ठरवली, त्यांच्या डोळ्यांपुढे आपली लिपी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. यावर उपायही निघाला. 2001 मध्ये आलेल्या एक्सएमपी या पद्धतीला ही मर्यादा नाही. तुटलेल्या नोंदी आम्ही मूळ यादीवरून तिच्यात पुन्हा भरल्या.

तिसरी अडचण दिनांकांची. कॅमेऱ्याची बॅटरी संपली की त्याचे घड्याळ मूळ दिनांकावर जाते. त्यामुळे 1 जानेवारी 2002 या एकाच दिवशी आपल्या विद्यालयात शेकडो कार्यक्रम झाल्याचे संगणक सांगत होता. स्कॅन केलेल्या जुन्या छायाचित्रांवर स्कॅनचाच दिनांक. येथे मात्र इतिहासाचे शिक्षण कामी आले. मागच्या फळ्यावरचा दिनांक भिंगातून वाचला. एका मिरवणुकीच्या फलकावर '115 वी जयंती' असे होते. म्हणजे साल 2006. वर्गासमोरचे कडुनिंबाचे झाड किती वाढले आहे, यावरून मागचापुढचा क्रम लावला. एका छायाचित्राचा खरा दिनांक मिळाला की त्याच सलग मालिकेतल्या सर्वांचे दिनांक तेवढ्याच फरकाने पुढे सरकवता येतात. फिल हार्वे या कॅनडातील गृहस्थांचे 'एक्झिफटूल' हे विनामूल्य साधन ते काम क्षणात करते. जेथे साल नक्की झाले नाही, तेथे 'अंदाजे' हा शब्द लिहिला. इतिहासात तो शब्द लिहिण्याची लाज वाटू नये. न लिहिण्याची वाटावी.

येथवरची हकिकत यंत्राची. पुढची आमची आहे.

जुन्या सॉफ्टवेअरला पुढे चेहरे ओळखण्याची सोय आली होती. ते सारख्या चेहऱ्यांचा गट करी आणि विचारी, हे कोण? आपण नाव दिले की ते त्या गटाला लागे. नाव द्यायचे नसेल तर 'दुर्लक्ष करा' हे बटण होते. लिपिकांच्या निवृत्तीनंतर काही महिने हे काम आम्हीच केले होते, हे आम्ही विसरूनही गेलो होतो. आता स्थलांतराच्या वेळी सहकाऱ्यांनी विचारले, "सर, दुर्लक्षितांची यादी घ्यायची की सोडायची?" आम्ही ती उघडायला सांगितली.

यादीत बहुतेक अनोळखी पाहुणे होते, मागून जाणारे गावकरी होते. एक गट मात्र मोठा होता. एकाच चेहऱ्याची शंभराहून अधिक छायाचित्रे. कधी समूहचित्राच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी, कधी पंगतीत वाकून वाढताना, कधी चुलीपुढे अर्धवट धुरात. माजी विद्यार्थ्यांना वर्णन पुरे आहे. आपल्या सर्वांच्या मावशी. नदीपलीकडच्या वस्तीतून त्या पहाटे चालत येत. वसतिगृहाला पत्र्याचे छप्पर होते तेव्हापासूनच्या त्या. ज्वारीच्या भाकरी त्यांनी किती भाजल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तापाने फणफणलेल्या मुलाला गृहपालांच्या आधी त्यांच्या हातचे पेजपाणी मिळे.

त्या चेहऱ्यापुढे 'दुर्लक्ष करा' हे बटण आम्ही दाबले होते. दुष्टपणाने नव्हे, नाव ठाऊक नव्हते म्हणून, आणि नाव विचारायला हवे असे वाटले नाही म्हणून. दुसरे कारण पहिल्यापेक्षा वाईट आहे.

मग आम्ही सगळ्या नोंदी वेगळ्या नजरेने वाचल्या. पहिल्या तुकडीच्या समूहचित्राखाली लिहिलेले आहे, 'पहिली तुकडी, प्रमुख पाहुण्यांसमवेत'. पाहुण्यांचे संपूर्ण नाव, पद, गाव; मुलांपैकी एकाचेही नाव नाही. देणगीदारांची नावे आहेत, आमदारांची आहेत, आमची स्वतःचीही पुष्कळ ठिकाणी आहेत. मुलाला शाळेत घालायला डोक्यावर ट्रंक घेऊन कोसभर चालत आलेल्या बापाचे छायाचित्र आहे. खाली केवळ 'पालक'. विहीर खणणाऱ्या गावकऱ्यांचे आहे, खाली 'श्रमदान'. वर्गात आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की इतिहास लिहिणाऱ्यांनी आपल्या माणसांची नावे गाळली. येथे लेखणी आपल्याच हातात होती.

मुलांची नावे शोधायला शाळेचे जनरल रजिस्टर काढले. त्यावरून पहिल्या तुकडीतील 23 पैकी 17 मुलांची नावे दोन माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने चेहऱ्यांना लागली. रजिस्टरात जातीचा रकाना आहे. तो आम्ही उतरवून घेतला नाही. छायाचित्राला नाव पुरेसे आहे.

मावशींचे नाव रजिस्टरात असण्याचे कारण नव्हते. अनुदान येण्यापूर्वीची जुनी व्हाउचरे चाळली. महिन्यामागून महिने एकच मजकूर, 'स्वयंपाक मजुरी', खाली रक्कम आणि निळ्या शाईतला अंगठा. अंगठ्याच्या बाजूला नाव लिहिण्याची जागा होती. ती प्रत्येक व्हाउचरावर कोरी आहे. आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. घर बंद होते. मुले कामासाठी शहराकडे गेल्याचे कळले. म्हाताऱ्या माणसांनी त्यांना ओळखले, पण तीही त्यांना थोरल्या मुलाची आई म्हणूनच हाक मारीत. नाव सापडलेले नाही. नव्या संग्रहात त्या सर्व छायाचित्रांवर आम्ही लिहिले आहे, 'मावशी, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील. नाव शोधत आहोत.' दुर्लक्षितांची यादी नव्या मांडणीत ठेवलेली नाही.

आता संग्रहाची मांडणी अशी आहे. वर्षाचा एक फोल्डर, त्यात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने प्रसंगांचे फोल्डर. हा क्रम ठेवला की संगणक आपोआप काळानुसार लावतो. प्रत्येक छायाचित्रात प्रसंग, स्थळ आणि माणसांची नावे फाइलमध्येच आहेत. एकसारखी आणि अर्धवट काढून टाकल्यावर 40,000 पैकी सुमारे 26,000 उरली. काढलेलीही एका डिस्कवर वेगळी जपली आहेत, कारण काय निरुपयोगी हे ठरवण्याचा आमचा अनुभव फारसा चांगला नाही. नववीच्या चार मुली दर शनिवारी नव्या नोंदी करतात. त्यांना सॉफ्टवेअर शिकायला खरोखरच अर्धा तास लागला. शिवाय नावांची संपूर्ण यादी छायाचित्र-क्रमांकांसह कागदावर छापून बांधून घेतली आहे. विजेवाचून वाचता येईल अशी ती एकमेव प्रत.

पालकांसाठी एक खुलासा. सध्या शिकत असलेल्या मुलांची नावे त्यांच्या छायाचित्रांना पालकांच्या लेखी संमतीनेच जोडली जातात आणि ती इंटरनेटवर टाकली जात नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरताना पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कायदा नसता तरी आम्ही हेच केले असते.

माजी विद्यार्थ्यांकडे दोन मागण्या आहेत. तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, पुस्तकात, आईच्या कपाटात विद्यालयाची जुनी छायाचित्रे असतील, तर ती आम्हांला द्या. मूळ प्रत तुमचीच राहील. स्कॅन करून परत करू. मोबाइलवरून पाठवणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की चित्र लहान होते आणि ते कधी काढले याची फाइलमधली नोंद पुसली जाते. उरतो तो फक्त पाठवल्याचा दिनांक.

दुसरी मागणी मोठी आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी ग्रंथालयात जुनी समूहचित्रे मोठी करून लावली असतील. प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक असेल आणि शेजारी कोरी वही. थोडा वेळ काढून या. स्वतःचे नाव लिहाच, पण आधी शेजारी उभ्या असलेल्याचे लिहा, विशेषतः जो पुढे शाळा सोडून गेला, ज्याचा पत्ता नाही, जो आता नाही. शिपाईमामा, विहिरीवरचे गावकरी, ट्रंक घेऊन आलेले वडील, ज्यांना ओळखत असाल त्यांची नावे लिहा. आणि नदीपलीकडच्या वस्तीतले कुणी आज मुंबई-पुण्याकडे असेल, मावशींच्या मुलांना ओळखत असेल, तर एवढेच विचारून कळवा, की तुमच्या आईचे नाव काय होते?

शंभराहून अधिक छायाचित्रांत ती जागा मोकळी ठेवली आहे. नव्या पद्धतीत अक्षरांची मर्यादा नाही; नाव कितीही लांब असले तरी आता तुटणार नाही.

जयभीम!